मेलवरची डिजिटल सही: काही महिन्यांच्या वापरानंतर

थंडरबर्ड या मेल प्रोग्राममधली ओपनपीजीपीची (मेलवर डिजिटल सही करण्याच्या व मेल कूटबद्ध करण्याच्या खुल्या पद्धतीची) सोय गेले काही महिने मी रोजच्या पत्रव्यवहारात वापरत आहे. २०२० मधल्या ७८ व्या आवृत्तीपासून ती मूळ प्रोग्राममध्येच असल्याने वेगळे एक्स्टेन्शन लागत नाही, आणि डिजिटल किल्ल्यांची जोडी (सही करण्याची गुप्त किल्ली आणि ती सही तपासण्याची जाहीर किल्ली) तयार करणेही सोपे आहे. लिहावेसे वाटते ते सहीच्या परिणामांविषयी.

सही केलेला मजकूर वाटेत कोणी बदलला तर तपासणीत ते लगेच उघड होते, हा फायदा निर्विवाद आहे. परंतु ही पडताळणी ज्याला पत्र लिहिले त्याच्यापुरती राहत नाही. त्याने मूळ संदेश जसाच्या तसा तिसऱ्याला दिला, तर तो माझ्याच किल्लीने सही केलेला असल्याचा पुरावाही त्याबरोबर जातो आणि कित्येक वर्षे टिकतो. खासगी गप्पांना असा कायमचा पुरावा कशाला हवा, याच आक्षेपातून बोरिसोव्ह, गोल्डबर्ग आणि ब्रूअर यांनी २००४ मध्ये ‘ऑफ द रेकॉर्ड’ ही असा पुरावा मागे न ठेवणारी संवादपद्धती मांडली होती. (सही न करणारेही पूर्ण मोकळे नसतात, कारण बहुतेक मेल सर्व्हर डीकेआयएमची, म्हणजे मेल त्यांच्या डोमेनवरून आल्याचे दाखवणारी, स्वतःची सही परस्पर लावतात.)

टोपणनावाने लिहिणाऱ्याला मात्र सही वर्ज्य नाही. किल्लीवर खरे नाव असण्याची सक्ती नसते, आणि कालचे व आजचे पत्र एकाच हातचे आहे एवढे ती खात्रीने सांगते. धोका आहे तो एकच किल्ली दोन नावांसाठी वापरण्यात: प्रत्येक सहीत किल्लीची ओळख आणि सेकंदापर्यंतची वेळ नोंदलेली असते, त्यामुळे दोन्ही नावे क्षणात जोडली जातात. जुन्या की-सर्व्हरवर (जाहीर किल्ल्या सर्वांना शोधता याव्यात म्हणून ठेवण्याच्या जागी) एकदा चढवलेली किल्ली, ती खरी असल्याची ग्वाही देणाऱ्या परिचितांच्या सह्यांसकट, काढून टाकता येत नसे. २०१९ मध्ये सुरू झालेला कीज.ओपनपीजीपी.ऑर्ग हा की-सर्व्हर मेलचा पत्ता पडताळूनच प्रसिद्ध करतो आणि मालकाने सांगितल्यास काढतोही, म्हणून मी तोच निवडला.

सध्या प्रत्येक मेलवर आपोआप सही होण्याचा पर्याय मी बंद ठेवला आहे. पैशांविषयीच्या सूचना आणि इतरांनी वापरायच्या फाइल यांवर सही करतो. टोपणनावासाठी वेगळे प्रोफाइल व वेगळी किल्ली आहे. एक तक्रार उरतेच: बहुतेकांना सही म्हणजे न उघडणारी जोडफाइल वाटते, आणि ती तपासणारे फारच थोडे भेटतात.