दाढीवाला पीटर, दोन पोरं आणि जिवंत काका

आधी डाग दाखवतो, मग कापड. आमच्या चादरीच्या धंद्यात असंच करावं लागतं, नाहीतर माल परत येतो.

माल म्हणजे ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ या इंग्रजी कॉमिकचं पुस्तक. पहिला डाग म्हणजे त्याचा खालचा कोपरा दबून आला. पार्सल अक्कलकोट रोडला कारखान्याच्या पत्त्यावर मागवलं होतं. पाकिटात एक पातळ पुठ्ठा, तोही पुस्तकापेक्षा लहान. वॉचमनने ते सुताच्या कोनांच्या खोक्यावर ठेवलं आणि वर आपला डबा ठेवला, त्यामुळे कोपरा नेमका कुणी दाबला हे ठरवणं कठीण आहे. दुसरा डाग बांधणीचा. ती शिवलेली नाही, चिकटवलेली आहे, त्यामुळे दोन पानांवर पसरलेल्या चित्रातला मधला भाग खाचेत गडप होतो. रात्रीच्या न्यूयॉर्कचं एक पान मी इतकं ताणून उघडलं की पाठीतून कडकन आवाज आला. तिसरा डाग पैशांचा. सहा मासिक अंक एकत्र बांधलेल्या या खंडाला मी साडेनऊशे मोजले. आमच्या हिने विचारलं, ‘हे वाचायला किती वेळ लागतो?’ दीड तास, म्हटलं. पुढे ती काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

आता कापड. मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीच्या ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’चा हा पहिला खंड. लेखक जोनाथन हिकमन, मुख्य चित्रकार मार्को केकेटो. मालिका जानेवारी 2024 मध्ये सुरू झाली. ‘अल्टिमेट’ हे नाव मात्र जुनं आहे, आणि ते नाव दिसल्यावर मी आधी सावधच झालो होतो.

कारण असं. 2000 साली मार्व्हलने आपल्या मूळ कथाविश्वाशेजारी एक नवं, कोरं विश्व उभं केलं. चाळीस वर्षांचा इतिहास पाठ नसलेल्या पोरांनाही वाचता यावं, हा हेतू. ब्रायन मायकल बेंडिस आणि मार्क बॅग्ली या जोडीने त्यातल्या स्पायडर-मॅनचे सलग 111 अंक केले. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. रविवारी फुटपाथवर सुटे अंक मिळायचे, मागेपुढे कसेही. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये खिडकीशी बसून ते वाचत सोलापूरला यायचं. कुर्डुवाडीपर्यंत अंक संपायचे, मग पुन्हा पहिल्यापासून.

आणि मग आलं ‘अल्टिमेटम’. नोव्हेंबर 2008 ते जुलै 2009, पाच अंक, लेखक जेफ लोब, चित्रं डेव्हिड फिंचची. मॅग्नेटो हा खलनायक आपल्या मुलांच्या मरणाचा सूड म्हणून पृथ्वीचे ध्रुवच फिरवतो आणि न्यूयॉर्कवर समुद्र चालून येतो. इथवर ठीक आहे. त्यानंतर मात्र नुसता खाटिकखाना. एकामागून एक नायक मेले. प्रोफेसर झेवियर गेला, डेअरडेव्हिल गेला, वुल्वरिन गेला, सायक्लॉप्स गेला, डॉक्टर स्ट्रेंज गेला. ब्लॉब नावाचा धटिंगण वास्प या नायिकेला चक्क खातो, आणि मग तिचा नवरा हँक पिम ब्लॉबचं डोकं दातांनी तोडतो. सगळ्या मालिका या एका कथेत ओढून आणल्या होत्या, त्यामुळे एकीलाही पळायला जागा नव्हती. वाचकांनी तोंडं फिरवली. मीही पुढचे बरेच अंक घेतले नाहीत.

मी जेकार्डची, म्हणजे मागावर विणतानाच उठणाऱ्या नक्षीची, डिझाइनं काढतो. चादरीवरचे मोर, फुलं, देवळाचं शिखर. पूर्वी ग्राफवर काढून पुठ्ठ्याचे पत्ते पंच करायचे, आता कॉम्प्युटरवर होतं. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपला की दोन वाटा असतात. जुन्या ताण्याच्या टोकांना नव्या भीमाची (ताणा गुंडाळलेल्या रुळाची) टोकं गाठींनी सांधायची, म्हणजे माग लवकर चालू होतो. किंवा वहिफणी नव्याने करायची, म्हणजे एकेक तार वहीच्या (तारा वरखाली करणाऱ्या चौकटीच्या) डोळ्यातून आणि फणीच्या घरातून पुन्हा ओढायची. वेळखाऊ काम, डोळे फुटतात. मालकाला नेहमी पहिली वाट आवडते. पण मुळात वहिफणीच चुकली असेल, तर कितीही गाठी मारा, चूक नव्या कापडात उतरतेच.

‘अल्टिमेटम’नंतर मार्व्हलने गाठी मारल्या. नावं बदलली, अंकांची मोजणी पुन्हा एकपासून केली, मेलेल्यांच्या जागी नवे आणले. 2011 मध्ये पीटर पार्करला, म्हणजे खुद्द स्पायडर-मॅनलाही मारलं. त्या गाठींतून एक सोन्यासारखी तार निघाली, हे कबूल केलं पाहिजे. माइल्स मोरालेस हा नवा स्पायडर-मॅन त्याच वर्षी आला. पण विश्व सावरलं नाही. 2015 मध्ये ‘सीक्रेट वॉर्स’मध्ये ते मिटवलं आणि माइल्सला उचलून मूळ विश्वात नेलं. घर पाडताना चांगली खिडकी काढून घेतात तसं.

या वेळी मात्र वहिफणी केलेली दिसते. 2023 मध्ये हिकमन आणि ब्रायन हिच यांनी चार अंकांच्या ‘अल्टिमेट इन्व्हेजन’मधून पाया घातला. हिच म्हणजे ज्याने 2002 मध्ये जुन्या विश्वातल्या ‘अल्टिमेट्स’ या मालिकेची चित्रं काढली तोच. नव्या विश्वाचा खलनायक मेकर, म्हणजे जुन्या विश्वातला रीड रिचर्ड्स, एकेकाळचा नायक. ‘अल्टिमेटम’नंतरच्या त्याच गाठींच्या काळात हा बिघडला होता. हा मेकर एका नव्या पृथ्वीवर जातो आणि सुपरहिरो जन्मूच नयेत अशी व्यवस्था करतो. पीटरला चावणारा कोळी त्याच्यापर्यंत पोचूच देत नाही. वाया गेलेल्या मालिकेतला सगळ्यात वाया गेलेला माणूस, आणि नवं सगळं त्याच्यावरच उभं. हे मला फार आवडलं. जुना गोंधळ झाकला नाही, कामाला लावला.

त्यामुळे या पुस्तकातला पीटर पस्तिशीचा आहे. दाढी आहे. मेरी जेनशी लग्न झालंय, दोन पोरं आहेत, मोठा रिचर्ड आणि धाकटी मे. नोकरी आहे, घर आहे, आणि आपल्या आयुष्यात काहीतरी यायचं होतं ते आलंच नाही, ही टोचणी आहे. मग एक दिवस टोनी स्टार्ककडून (मूळ विश्वातला आयर्न मॅन) एक डबी येते. आत कोळी. चावून घ्यायचं की नाही, हे त्याने स्वतः ठरवायचं.

पंधरा वर्षांच्या पोराला कोळी चावतो तो अपघात. पस्तिशीतला बाप हात पुढे करतो ते वेगळं. पोरांच्या फिया, म्हाताऱ्यांची औषधं असं सगळं डोक्यात असलेला माणूस रात्री बाराला उठून छपरावर जातो. मी एक्केचाळीसचा आहे. माझी पाठ स्कूटरवरून उतरतानाही दुखते. पहिल्या अंकाचं शेवटचं पान मी दोनदा वाचलं.

इथे एक जुनी जखम सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मूळ विश्वात पीटर आणि मेरी जेनचं लग्न 1987 मध्ये झालं होतं. वीस वर्षं संसार केला त्यांनी. 2007 मध्ये पीटरला वाढवणाऱ्या मे काकूचा जीव वाचवायला ते लग्न मेफिस्टो नावाच्या सैतानाला देऊन टाकलं. नवरा-बायकोला आठवतसुद्धा नाही! लग्न झालेला नायक म्हातारा वाटतो, असा तो हिशेब. आमचा एक मित्र तेव्हा म्हणाला होता, ‘काय बे, घटस्फोट दिला असता तरी चाललं असतं की.’ हा खंड म्हणजे त्या हिशेबाला सरळ उत्तर आहे. लग्न झालेला पीटर कंटाळवाणा नाही. मारामारीपेक्षा त्याचं जेवणाचं टेबल जास्त रंगतं.

टेबलाचं खरंच सांगतो. चौथा अंक जवळपास अख्खा एका हॉटेलातल्या जेवणावर आहे. पीटर, मेरी जेन, हॅरी ऑसबोर्न आणि त्याची बायको ग्वेन. कुणी कुणाला कशावरून फेकत नाही. ग्लास, हात, नजरा, कोण कुणाचं वाक्य तोडतंय. जाहिरातीत ‘धडाकेबाज’ म्हणून विकलेल्या मालिकेत असा अंक घालायला छाती लागते. मधल्या अंकांची चित्रं डेव्हिड मेसिनाची आहेत. चांगली आहेत, पण केकेटोनंतर चेहरे बदललेले जाणवतात. हॅरी ओळखायला मला दोन चौकटी लागल्या.

दुसरी मजा बेन काकाची. ज्याच्या मरणावर साठ वर्षं सगळी गोष्ट उभी होती, तो इथे जिवंत आहे. गेलीय ती मे काकू. बेन आणि जोना जेमसन ही दोन म्हातारी पेपरातली नोकरी सोडून स्वतःचा पेपर काढायला निघतात. त्यांची भांडणं मी अण्णांना मराठीतून वाचून दाखवली. अण्णा इंद्रजाल कॉमिक्सच्या काळातले, मराठीतला वेताळ वाचून वाढलेले. ऐकून म्हणाले, ‘या दोघांचंच वेगळं पुस्तक काढायला पाहिजे होतं, तो उड्या मारणारा कशाला?’

कच्चं काय? किंगपिन, गुन्हेगारांचा म्होरक्या. तोच पांढरा कोट, तीच धमकी. सगळं विश्व नव्याने ओढलं आणि ही तार जुनीच ठेवली. मेरी जेन पहिल्या सहा अंकांत समजूतदार आहे, पण स्वतःहून फारसं काही करत नाही. आणि वेग. या मालिकेत दर अंकागणिक खरोखरचा महिना उलटतो. सुटे अंक घेणाऱ्याला ते छान लागत असेल, एकत्र वाचताना मधले दिवस कुठे गेले असं होतं.

सहा वर्षांच्या आमच्या लेकीला इंग्रजी वाचता येत नाही. तिने चित्रं बघितली. पीटरचा वेष सुरुवातीला काळा असतो, आणि पुस्तकातली धाकटी मे तो भीतीदायक म्हणते, तेव्हा तो लाल-निळा होतो. ते पान ती उघडून बसली होती. ‘पप्पा, हिचं ऐकलं बघा त्यांनी,’ म्हणाली. तेवढ्या एका वाक्यात साडेनऊशेपैकी निम्मे तरी वसूल.

कुणी घ्यावं? ‘इन्व्हेजन’ न वाचता चालतं, पहिल्या काही पानांत जेवढं लागतं तेवढं कळतं. दहा वर्षांखालच्या पोराला वाढदिवसाला देऊ नका, त्याला जेवणाचा अंक झेपायचा नाही. दुसरा खंड मी मागवलाय, या वेळी घरच्या पत्त्यावर. ‘अल्टिमेटम’ची एकत्र प्रत पुण्यात घेतली होती, ती अजून माळ्यावर आहे. कुणाला हवी असेल तर पाव किलो शेंगा चटणीवर देतो. चटणी तिखट हवी.