अजिंठा लेणी लहान मुलांसोबत: बाबागाडी घरीच ठेवा

सोमवारी लेणी बंद. फर्दापूर फाट्यावर गाडी लावून पुढे शटल बसनेच जावं लागतं, मग पायऱ्या. तिथे बाबागाडीचा काही उपयोग नाही. तान्ह्याला झोळीत बांधून घ्या.

सगळी ३० लेणी मुलांना झेपत नाहीत. १, १७, १९ आणि २६ पुरेत. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढायच्या, म्हणून नाडीचे बूट नकोत. आत अंधार असतो. उन्हातून आलेल्या मुलांना काहीच दिसत नाही, ती लगेच ‘चला’ म्हणतात. दोन-तीन मिनिटं शांत थांबा, डोळे सरावले की लेणं १ मधलं पद्मपाणीचं, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं, चित्र दाखवा. फ्लॅश चालत नाही.

खरी मेजवानी २६ मध्ये: अखेरच्या क्षणी (महापरिनिर्वाण) निजलेला सुमारे ७ मीटरचा बुद्ध, खाली शोक करणारे शिष्य, वर आनंदलेले देव. वेळ कमी असेल तर बाकीची सोडा, हे सोडू नका.