गंजलेला सायलेन्सर: घरी बदलायचा की उद्यमनगरात न्यायचा?

जुनी गाडी ट्रॅक्टरसारखी फडफडायला लागली की लोक आधी नव्या सायलेन्सरचा भाव विचारतात. भाव नंतर विचारा. आधी गाडीखाली वाकून भोक कुठं पडलंय आणि नट-बोल्टांची काय दशा आहे ते बघा. घरी हात घालायचा की गाडी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या गॅरेजात न्यायची, हे त्यावरच ठरतं. नवा पाइप कुणीही बसवेल, खरी झटापट जुना सोडवताना होते.

लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणीही तयार होतं आणि ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. राजारामपुरीतून महाद्वार रोडपर्यंत आणि परत, एवढीच गाडी फिरत असेल तर मागचा डबा नीट तापतच नाही. वाफ आतच थंड होते, आम्लयुक्त पाणी डब्याच्या तळाला साचतं आणि पत्रा आतून खातं. पावसाळ्यातला चिखल बाहेरून तेच काम करतो. म्हणून डब्यावर बाहेर सुईएवढी भोकं दिसली तर आतले पडदे बहुधा आधीच गेलेले असतात. कंपनीच्या डब्याला पाणी निघायला तळाशी एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, ते मात्र गंजाचं समजून बुजवू नका.

पहिला पर्याय डागडुजीचा. सायलेन्सर पेस्ट किंवा पट्टी गुंडाळणं म्हणजे आठवडा-दोन आठवड्यांची सोय, त्यापलीकडे त्यावर भरवसा ठेवू नये. वेल्डिंग टिकेल की नाही, हे छोट्या हातोडीनं कळतं. भोकाच्या चारी बाजूंनी टिचकवत जा. टणटण वाजलं तर पत्र्यात जीव आहे. थप्प वाजलं किंवा स्क्रूड्रायव्हर रुतला तर वेल्डर टाका मारेल आणि शेजारी नवं भोक पडेल. मधल्या पाइपला एखादंच भोक असेल तर शिवाजी उद्यमनगरात वेल्डिंग करून घेणं सगळ्यात स्वस्त, आणि योग्यही. गाडीवरच वेल्डिंग करणार असतील तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा आणि अर्थिंगचा चिमटा पाइपलाच, वेल्डिंगच्या जवळ लावायला सांगा. बऱ्याच छोट्या गाड्यांत मागचा डबा पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर असतो, त्यामुळं तो सोडवून बाहेर आणूनच वेल्डिंग केलेलं बरं.

दुसरा पर्याय, मागचा भाग घरी बदलणं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) मागं जे काही आहे, म्हणजे मधला पाइप, डबा, तो टांगणारी रबरं, तेवढं घरी जमण्यासारखं आहे. फरशी किंवा काँक्रीटची सपाट जागा हवी. अंगणातल्या मातीत जॅक खचतो. गाडी जॅकवर उचलून घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा, पुढच्या चाकांना अडणी लावा, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका. सायलेन्सर पूर्ण गार हवा.

बोल्टांना आदल्या रात्री वायर ब्रश मारून गंज सोडवणारा स्प्रे मारा, सकाळी पुन्हा एकदा. छोट्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी १२ आणि १४ चा पाना लागतो. सहा टोकांचा सॉकेट वापरा. बारा टोकांचा गंजलेल्या नटाची टोकं गोल करून टाकतो आणि मग काही खरं नाही. नट थोडा फिरून अडला तर जोर लावू नका, उलटा फिरवा, स्प्रे मारा, पुन्हा सोडवा. मागच्या फ्लँजमधून (दोन पाइप जोडणाऱ्या चपट्या कडेतून) आरपार जाणारा बोल्ट तुटला तरी हरकत नाही, कारण तो नवाच घालायचा असतो. गरज पडली तर गॉगल घालून करवतीनं कापायचा. टाकीजवळ ग्राइंडरच्या ठिणग्या नकोत.

रबरं काढताना साबणाचं पाणी लावा. ग्रीसनं रबर फुगतं. गॅस्केट, रबरं आणि नट-बोल्ट नवेच घ्या. बसवताना आधी सगळं सैल टांगायचं, मग पाइप बॉडी, टाकी आणि ब्रेकच्या नळीपासून दोन बोटं लांब आहे ना ते पाहायचं आणि शेवटी पुढून मागं कसत यायचं. घाईत मागचा क्लॅम्प आधी आवळला की पाइप पिळला जातो आणि प्रत्येक खड्ड्यात ठकठक वाजतो. आपल्याकडचे खड्डे पाहता ही चूक पहिल्याच दिवशी कळते.

तिसरा पर्याय गॅरेजचा, आणि बिघाड कन्व्हर्टरच्या पुढं, म्हणजे इंजिनच्या बाजूला, असेल तर आम्ही तोच घ्यायला सांगू. मॅनिफोल्डचे (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पहिला भाग) स्टड, म्हणजे त्यात रुतवलेले बिनडोक्याचे बोल्ट, वर्षानुवर्षं लालबुंद होऊन निवलेले असतात. त्यातला एक तुटला की तो नेमका मध्यभागी पंच करून ड्रिल करावा लागतो, आटे गेले असतील तर नवे पाडावे लागतात, आणि तेही गाडीखाली उताणं पडून. एम८ च्या, म्हणजे ८ मिलिमीटर बोल्टच्या, आट्याला ६.८ मिलिमीटरचा ड्रिल लागतो, तो अर्धा मिलिमीटर जरी तिरका गेला तरी मॅनिफोल्ड उतरवायची वेळ येते. उद्यमनगरातला मिस्त्री नट गॅसनं तापवून काही मिनिटांत सोडवतो. धुरातला ऑक्सिजन मोजून इंजिनला पेट्रोल किती द्यायचं ते सांगणारा ऑक्सिजन सेन्सरही तिथंच असतो. त्याच्या पुढं गळती राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) समजतो, इंजिन जादा पेट्रोल ओतत राहतं आणि ॲव्हरेज पडतं.

सुट्या भागांत कंपनीचा महाग असतो, पण त्याचे ब्रॅकेट जागच्या जागी बसतात. बाजारातला घेताना ॲल्युमिनियमचा मुलामा असलेला पत्रा मागा. साध्या पत्र्यावरचा काळा रंग पहिल्या तापण्यातच जळतो. स्टेनलेस करवून घेत असाल तर चुंबकावर विसंबू नका: सायलेन्सरला चालणाऱ्या ४०९ या जातीला चुंबक चिकटतं, ३०४ ला सहसा नाही, आणि दोन्ही स्टेनलेसच.

कन्व्हर्टर काढून तिथं सरळ पाइप टाकायचा सल्ला मिळाला तर ऐकू नका. ते बेकायदा आहे, पीयूसीत गाडी अडकते आणि १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करतानाही अडचण येते. कन्व्हर्टर बदलून नवा बसवला तर जुना मात्र मागून घ्या. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं, भंगारात त्याला वेगळा भाव आहे.

काम घरी करा किंवा बाहेर, गाडी मोकळ्या हवेत सुरू करून टेलपाइपवर जाड फडकं क्षणभर दाबा. सांध्यातून फुसफुस आली तर गळती आहे. ती सोडून काचा लावून गाडी चालवू नका, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पहिली १०-१५ मिनिटं नव्या पाइपावरचं तेल जळून धूर येईल, त्याला घाबरू नका. साधारण २०० किलोमीटरनंतर, सायलेन्सर गार असताना, सगळे नट पुन्हा एकदा कसा आणि मगच पीयूसीला जा.