जुनी रिव्हॉल्व्हर घेताय? परवान्यावर नोंद होण्याआधी आतून बघा

जुनी रिव्हॉल्व्हर घेण्यात फसलेल्या माणसाला ती परत करता येत नाही. एकदा तिचा नंबर तुमच्या परवान्यावर चढला की ती तुमची. परत द्यायची म्हटली तरी शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे पुन्हा लेखी कळवायचं, पुन्हा ४५ दिवस थांबायचं, आणि समोरचा ती घ्यायला तयार हवा. पैसे खाऊन बसलेला माणूस कशाला तयार होईल? त्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात. म्हणजे खराब रिव्हॉल्व्हर नुसती पैसे खात नाही, तुमची एक जागाही अडवून बसते. फसवणाऱ्याला हे सगळं पाठ असतं आणि त्याचा सगळा डाव त्यावरच उभा असतो.

मी सांगलीत राहतो आणि २५ मीटर सेंटर फायर हा पिस्तूल नेमबाजीचा प्रकार मारतो. या प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिमी कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास, चालतं, त्यामुळे .३२ ची रिव्हॉल्व्हर नियमात बसते. बॅरल १५३ मिमीपेक्षा लांब नको, वजन १४०० ग्रॅमच्या आत आणि चाप किमान १००० ग्रॅमचा, म्हणजे तेवढ्या वजनाने तो सुटता कामा नये. कानपूरच्या सरकारी कारखान्याची .३२ नवी मिळते, पण ती स्वसंरक्षणासाठी बनवलेली आहे. तिच्या साइट, म्हणजे नेम धरायच्या खुणा, हलवता येत नाहीत आणि चाप जड. नेमबाजीसाठी लोक अजून जुनी विलायती रिव्हॉल्व्हर शोधतात. आयात ऐंशीच्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला बंद आहे. देशात जी आहेत तीच या हातातून त्या हातात फिरतात आणि दर दरवेळी चढतो.

कोल्हापूर शेजारीच असल्यामुळे आमच्याकडे नेमबाजीचं वेड आधीपासून आहे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांना बघत आमच्या भागातली पोरं रेंजवर आली. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं आणि मग तर रेंजवर उभं राहायला जागा मिळेना. याचा आनंदच आहे. पण गर्दीमागोमाग दलालही आले. जुन्या एअर पिस्तुलापासून जुन्या रिव्हॉल्व्हरपर्यंत सगळं मिळवून देणारी माणसं. त्यांतल्याच एकाने मला गाठलं.

“दादा, सातारकडच्या एका रिटायर सुभेदाराची आहे. खंडेनवमीला पूजेपुरती कपाटाबाहेर यायची. शंभर राउंडसुद्धा झाले नसतील. स्मिथ अँड वेसन, सहा इंची, अमेरिकन स्टील. तुमच्या नातवापर्यंत झिजणार नाही.”

आमच्याकडे ही गोष्ट लगेच पटते, कारण सातारा जिल्ह्यात गावंच्या गावं फौजेत गेलेली आहेत आणि खंडेनवमीला घराघरात शस्त्रं पुजली जातात. माल बघायला गेलो तर रिव्हॉल्व्हर खरोखर देखणी होती. गडद निळं पॉलिश, नवी लाकडी मूठ, सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो गोल भाग, मलईसारखं फिरत होतं. हलवून पाहिलं, जराही खेळ, म्हणजे ढिलेपणा, नाही. मालक वयस्कर आणि आजारी. त्यांनी कागदांवर सह्या केल्या, बोलणं सगळं दलालाने केलं. व्यवहार ५ लाख ४० हजारांना ठरला. पैसे दलालाच्या खात्यावर गेले, “मालकांकडे मी पोहोच करतो” म्हणून. लेखी कळवणं, ४५ दिवसांची मुदत, परवान्यावर नोंद, सगळं कायद्याप्रमाणे झालं.

पहिली खोट स्पर्धेत निघाली. साहित्य तपासणीच्या टेबलावर चापाला १००० ग्रॅमचं वजन टांगलं आणि घोडा, म्हणजे काडतुसावर आघात करणारा मागचा भाग, पडला. पुन्हा टांगलं, पुन्हा पडला. कारखान्यातून निघालेला चाप इतका हलका नसतो, कुणीतरी आतली खाच घासून तो हलका केलेला असतो. पूजेच्या रिव्हॉल्व्हरचा चाप कुणी कशाला हलका करील?

मग सरावात शेजारच्या लेनवरचा मुलगा गाल चोळत माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या गालाला शिशाची बारीक कपची लागली होती. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि बॅरल हे दोन वेगळे भाग असतात. गोळी चेंबरमधून, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकातून, निघून मधली फट ओलांडून बॅरलमध्ये शिरते. चेंबर बॅरलसमोर अचूक आलं नसेल तर गोळीची एक बाजू बॅरलच्या तोंडाला घासते आणि तासलेलं शिसं फटीतून बाजूला उडतं. डोळ्यांवर चष्मा का सक्तीचा असतो ते असं कळतं. मी मार्कर पेनने सहाही चेंबरना नंबर घालून एकेका चेंबरमधून वेगळ्या टार्गेटवर गोळ्या मारल्या. चार चेंबरचा गट बरा आला, उरलेल्या दोघांच्या गोळ्या भलतीकडेच.

रिव्हॉल्व्हर घेऊन कोल्हापूरच्या एका परवानाधारक दुरुस्तीकाराकडे गेलो. सत्तरी ओलांडलेला माणूस, सगळे त्यांना मिस्त्रीकाका म्हणतात. त्यांनी आधी सिलिंडर उघडून डोळ्याजवळ धरलं, मग मूठ काढली आणि खालचा नंबर वाचला. नंतर सिलिंडरच्या मागच्या बाजूवरचा नंबर वाचला. दोन्ही वेगळे. जुन्या स्मिथ अँड वेसनवर तोच नंबर मुठीखाली, सिलिंडरच्या मागे आणि बॅरलच्या पोटाला ठोकलेला असतो. माझ्या रिव्हॉल्व्हरवर सिलिंडर दुसऱ्याच कुठल्यातरी रिव्हॉल्व्हरचं होतं. नवी मूठ कशासाठी बसवली होती तेही कळलं: ती जुन्या मुठीपेक्षा मोठी होती आणि खालचा नंबर पूर्ण झाकत होती.

“बाळा, हा घोडा बघ,” काका म्हणाले. “कंपनी घोड्याला आणि चापाला निळं पॉलिश करत न्हाई. त्येच्यावर भट्टीचे रंग असत्यात, करडे, तपकिरी, जांभळट. हितं सगळंच निळं. म्हंजे एकत्र बुडवून काढलंय.” त्यांनी बॅरलवरच्या अक्षरांवरून नख फिरवायला सांगितलं. अक्षरांच्या कडा गोल झालेल्या, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडलेले. पॉलिशच्या चाकावर घासल्याशिवाय असं होत नाही.

मग त्यांनी फीलर गेजच्या पट्ट्या काढल्या, ट्रॅक्टरचे टॅपेट सेट करायला वापरतात त्याच. सिलिंडर मागे दाबून बॅरल आणि सिलिंडरमधली फट मोजली, मग पुढे दाबून मोजली. चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही फट साधारण ०.१ ते ०.२५ मिमी असते आणि पुढे-मागे दाबून फारशी बदलत नाही. माझं सिलिंडर मागे दाबल्यावर ०.४० ची पट्टी सहज गेली, पुढे दाबल्यावर ०.१५ ची अडकली. म्हणजे पाव मिलिमीटरचा खेळ. घेताना हा खेळ मला का जाणवला नाही, ते सिलिंडर ज्या दांड्यावर फिरतं तो दांडा बाहेर काढल्यावर समजलं. आत जाडजूड ग्रीस भरलेलं होतं, थंड हवेत घट्ट बसणारं. ग्रीस पुसलं तेव्हा पांढऱ्या फडक्यावर पितळी पत्र्याची एक कडी पडली, हाताने कापलेली, एका बाजूने चपटी होऊन फाटलेली. हा खेळ काढायला पोलादाची नेमक्या जाडीची कडी बसवतात, ती रीतसर दुरुस्ती आहे. पत्र्याची कडी बसवतात ती फक्त गिऱ्हाईक दाराबाहेर पडेपर्यंत टिकावी म्हणून.

सिलिंडर फिरवणारी आतली पट्टी हातोडीने ठोकून लांबवलेली होती, टोकावर घाव स्पष्ट दिसत होते. बॅरलच्या मागच्या तोंडात त्यांनी टॉर्च मारून मला भिंगातून बघायला लावलं. गोळी जिथे पहिल्यांदा शिरते तो उतार गुळगुळीत हवा. तिथे उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते तशा बारीक रेषा होत्या. “ह्या पाच-पन्नास राउंडच्या रेघा न्हाईत,” एवढंच ते म्हणाले.

खरं तर .३२ लाँग हे सौम्य काडतूस आहे. त्याचा दाब कमी, त्यामुळे नीट सांभाळलेली चांगली रिव्हॉल्व्हर हजारो राउंड सहज काढते. म्हणून जुनं शस्त्र घेऊच नका असं मी म्हणणार नाही. पण “अमेरिकन स्टील झिजत नाही” हे साफ खोटं आहे. याच कंपनीच्या मॉडेल १९ मध्ये हलक्या गोळीची जोरकस .३५७ मॅग्नम काडतुसं सतत वापरली की बॅरलच्या त्याच तोंडाला खालून तडे जायचे, कारण तिथे धातू कापून पातळ केलेला होता. शेवटी १९८० च्या सुमाराला कंपनीने थोडी मोठी एल फ्रेम, म्हणजे रिव्हॉल्व्हरचा सांगाडा, काढली. कंपनी स्वतः जे मान्य करून सुधारते, ते दलाल मान्य करत नाही. आणि झीज फक्त गोळीने होत नाही. सिनेमात दाखवतात तसं मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करणारे लोक त्याचा दांडा वाकवतात. जोरजोरात घोडा चढवून सराव केला की सिलिंडर अडवणाऱ्या खाचांच्या कडा ठोकल्या जातात. शंभर हातांतून गेलेल्या सरावाच्या रिव्हॉल्व्हरवर हे सगळं एकत्र दिसतं.

मी मूळ मालकांच्या घरी गेलो. ते सुभेदार नव्हतेच. नेमबाजच होते, नव्वदच्या दशकात रेंजवर रोज असायचे आणि नव्या पोरांना शिकवायला हीच रिव्हॉल्व्हर द्यायचे. त्यांनी परवान्याचं जुनं पुस्तक काढून दाखवलं. काडतूस खरेदीच्या नोंदींनी पानं भरलेली, शिक्क्यावर शिक्का. “मी त्याला सांगितलं होतं, सरावाची आहे, थकलीय,” ते म्हणाले. दलाल “सर्व्हिसिंग”च्या नावाखाली ती घेऊन गेला होता, आणि शस्त्राचा कुठलाही परवाना नसताना. त्यांच्या हातात ३ लाख पडले होते. नंबर न जुळणाऱ्या सिलिंडरबद्दल ऐकून ते गप्प बसले. त्यांचं मूळ सिलिंडर कुठे गेलं ते त्यांनाही ठाऊक नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, त्यांना माझ्याइतकंच लुबाडलंय.

दलाल म्हणतो, “तुम्हीच वापरून बिघडवली.” पोलिसांनी आधी “दिवाणी बाब आहे” म्हणून वाटेला लावलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे पूर्वीच्या ४२० प्रमाणे, लेखी तक्रार आणि सोबत मिस्त्रीकाकांचा तपासणी अहवाल दिला, तेव्हा ती घेतली गेली. पितळी कडी मी पाकिटात घालून ठेवली आहे.

तुम्ही जुनी रिव्हॉल्व्हर बघत असाल तर कृपा करून पुढचं आधी करा. ४५ दिवसांची मुदत नुसती वाट बघण्यात घालवू नका, तपासणीसाठी वापरा. मालकाला सांगा, त्याने स्वतः ती परवानाधारक दुरुस्तीकाराच्या दुकानात आणावी आणि तुमच्यासमोर उघडावी. मूठ काढून नंबर वाचा, सगळीकडचे जुळवा. ग्रीस पुसून मगच फट मोजायला लावा. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा सावकाश चढवा, बोटाने सिलिंडरला हलकासा अडथळा देत, सहाही चेंबरवर. घोडा पूर्ण चढेपर्यंत सिलिंडर खाचेत टक्‌ करून बसलं पाहिजे, एकाही चेंबरवर मागे राहता कामा नये. चढवलेला घोडा अंगठ्याने पुढे दाबून बघा. तो पडला तर ती रिव्हॉल्व्हर घेणं सोडाच, तिच्यात गोळीसुद्धा भरू नका. पैसे मालकाच्या खात्यावर टाका. मध्यस्थ शस्त्रांचा व्यवहार करत असेल तर त्याचा विक्रेता परवाना मागा, नसेल तर तिथूनच मागे फिरा. आणि परवान्याच्या पहिल्या पानाच्या झेरॉक्सवर समाधान मानू नका, काडतूस खरेदीची पानं बघायला मागा. मला फक्त पहिलं पान दाखवलं होतं. किती राउंड झाले ते विक्रेत्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्या पानांवर वाचा.

सांगली, मिरज, तासगाव, कराड या पट्ट्यात कुणी गेल्या दोन-तीन वर्षांत “सुभेदाराच्या कपाटातली” म्हणून नवं पॉलिश केलेली .३२ घेतली असेल तर आजच मूठ काढून खालचा नंबर आणि सिलिंडरच्या मागचा नंबर ताडून बघा. जुळत नसतील तर त्यांचे फोटो काढा, एखाद्या परवानाधारक दुरुस्तीकाराकडून लेखी अहवाल घ्या आणि आपल्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. एकाची तक्रार बाजूला सारता येते. कदाचित तुमच्याकडे माझ्या रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर असेल.