फ्रॅप की ट्रॅकिंग? काचेवरचे रेणू कसे सरकतात ते बघायचं असेल तर

खानापूरचा मावसभाऊ एमएस्सीच्या प्रोजेक्टला काच नि पाणी जिथं भिडतात तिथं प्रोटीनचे रेणू कसे सरकतात ते बघणार आहे, आणि आठवडाभर फोनवर एकच विचारतोय, फ्रॅप करू की एकेक रेणू ट्रॅक करू. सांगून सांगून दमलो, म्हणून लिहूनच टाकतो.

फ्रॅप म्हणजे बेळगावच्या खडेबाजारात ऐन गर्दीत पोलिसांनी एक चौक रिकामा केला नि तो परत भरायला किती वेळ लागतो ते बघितलं, तसं. लेसरचा जोरदार झोत मारून एका जागेतला डाय (रेणूंना लावलेला चमकणारा रंग) विझवायचा, शेजारचे रेणू आत आले की उजेड परत चढतो, त्या चढावरनं डिफ्युजनचा, म्हणजे रेणू किती झटकन पसरतात त्याचा, आकडा काढायचा. कॉन्फोकल (लेसरवाला मायक्रोस्कोप) मिळाला की काम होतं, हातही लवकर बसतो. पण आकडा सरासरीचा. माणसं चालत आली की रिक्षातनं, ते काय कळत नाही, आणि तुझा सगळा प्रश्न तोच आहे गा!

कारण काचेवरचा रेणू नुसता रांगत नाही. चिकटतो, बसतो, मधेच सुटून पाण्यात जातो नि लांब कुठंतरी परत चिकटतो. खडेबाजारात रिक्षात बसलेला एकदम शहापुरात उतरताना दिसावा, तसं. 2013 मध्ये कोलोरॅडोच्या एका ग्रुपनं असल्या उड्या एकेक रेणू ट्रॅक करून दाखवल्या.

असं ट्रॅकिंग करायला टर्फ मायक्रोस्कोप लागतो. त्यात उजेड काचेपासून 100-200 नॅनोमीटरच आत जातो, म्हणून वरचं पाणी काळं राहतं नि चिकटलेला रेणू ठिपक्यासारखा दिसतो. (गंमत म्हणजे फ्रॅपच्या 1976 च्या पेपरवर पहिलं नाव डॅनियल अ‍ॅक्सेलरॉडचं, आणि 1981 मध्ये टर्फनं पेशी दाखवणाराही तोच.) त्रास आहे, सॅम्पल फार पातळ करावं लागतं, नाहीतर ठिपके एकमेकांत मिसळतात, आणि डाय काही सेकंदांत विझतो. आणि सॉफ्टवेअर एका फ्रेममधला ठिपका पुढच्या फ्रेममधल्या ठिपक्याला जोडतं, ते जोडायचं अंतर कमी ठेवलंस तर लांब उड्या आपोआप कापल्या जातात नि सगळे रांगतायत असंच वाटतं. मी हेच केलेलं, महिनाभर खुश होतो.

काचेवर लिपिडचा (चरबीसारख्या रेणूंचा) थर असता तर फ्रॅपच म्हटलं असतं, लिपिड सहसा सुटून पाण्यात जात नाहीत. तुझं प्रोटीन बसतं-उठतं, तेव्हा ट्रॅकिंगच कर. फक्त पहिल्या दिवशी प्रोटीन न घालता नुसत्या बफरची (प्रोटीन ज्या द्रावणात घालतोस त्याची) स्लाइड बघ, तिच्यातच ठिपके चमकले तर काच परत धुवायला घे.