जुन्या लॅपटॉपला एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) टाकून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

घरचा लॅपटॉप २०१५ चा, पाचव्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची फिरणारी हार्ड डिस्क. चालू करून चहा टाकायचा, चहा पिऊन कप विसळला तरी स्क्रीनवर गोल फिरतच असायचं. दुकानात दोनदा फॉरमॅट मारून आणला, आठवडाभर बरा चालला की परत तेच, शेवटी ते म्हणाले मदरबोर्ड थकलाय आता नवीनच घ्या. पण आईच्या बचत गटाचे सगळे हिशोब त्यात आणि तिचा हातही त्याच कीबोर्डवर बसलेला, मला काय ते पटेना.

मग कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू १० टक्के आणि डिस्क सलग १०० टक्के! प्रोसेसर बिचारा डिस्कची वाट बघत बसलेला. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकलं, त्यात पिवळ्या रंगात कॉशन (सावधान) आणि पेंडिंग सेक्टर शून्याच्या वर, म्हणजे डिस्कचे काही भाग नीट वाचलेच जात नव्हते. असं दिसलं तर फॉरमॅट मारत बसू नका, आधी डेटा बाहेर काढा.

२४० जीबीची २.५ इंची साटा (जुन्या डिस्कच्याच कनेक्टरची) एसएसडी घेतली. क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, करायला गेलो तर मध्येच रीड एरर येऊन थांबलं, म्हणून फायली बाहेरच्या ड्राइव्हवर काढून विंडोज नव्याने टाकायचं ठरवलं. तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये) एसएसडीच दिसेना, अख्खी संध्याकाळ गेली त्यात. जुनी डिस्क ९.५ मिमी जाडीची, ही ७ मिमी, खाचेत ढिली बसून कनेक्टरमधून जराशी सुटली होती. कडेची प्लास्टिकची फ्रेम लावली, घट्ट बसली, लगेच दिसली.

आता विसेक सेकंदात लॅपटॉप चालू होतो आणि एक्सेल क्लिक केलं की उघडतं. आई पहिल्या दिवशी म्हणाली, अरे हा आपलाच ना? खरंच खूप बरं वाटलं. आठ महिन्यांनी क्रिस्टलडिस्कइन्फो एसएसडीची हेल्थ ९९ टक्के दाखवतंय.

क्रोममध्ये दहा-पंधरा टॅब उघडले की मात्र अडकायचा, ते रॅममुळे. नंतर ४ जीबीची अजून एक पट्टी टाकली. या पिढीला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, शेवटचा एल बघूनच घ्या.

पाचव्या महिन्यात एकदा एकही वेबसाइट उघडेना, सगळीकडे सर्टिफिकेटची एरर, मी राउटरच बंद-चालू करत बसलो. खरं कारण म्हणजे लॅपटॉपची तारीख मागे जाऊन २०१५ झाली होती, आतला सीमॉसचा सेल (लॅपटॉप बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणारा) संपलेला. वायरवाला २०३२ सेल बदलला, मिटलं. एसएसडीचा त्यात काही दोष नाही.

एक काळजी घ्याच. हार्ड डिस्क बिघडायच्या आधी बऱ्याचदा टकटक करते, एसएसडी एके दिवशी गपचूप जाऊ शकते, आणि ट्रिम (डिलीट झालेल्या फाइलची जागा एसएसडीला साफ करू देणारी सोय) चालू असल्यामुळे डिलीट झालेली फाइल परत मिळणं फार अवघड. आईचे हिशोब मी दर महिन्याला पेन ड्राइव्हवर घेतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि पाचव्या जनरेशनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, म्हणून आता विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघतोय. वायफाय लागलं, आवाज आला, मराठी टायपिंग पण जमलं, प्रिंटर तेवढा बघायचा राहिलाय.