ईआरपीनेक्स्ट: वागळे इस्टेटमधल्या एका पत्र्याच्या कारखान्यात वापरून पाहिलं

ठाण्यात वागळे इस्टेटला आमचा शीट मेटलचा कारखाना आहे. इलेक्ट्रिकल पॅनलचे डबे बनवतो. फ्लोअर भाऊजी बघतात, खरेदी आणि हिशोब माझ्याकडे. जागा लहान, पण कामाचे टप्पे भरपूर: पत्रा खरेदी, लेझर कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग, ग्राइंडिंग, बाहेरून पावडर कोटिंग, परत आल्यावर गॅस्केट, कुलपं, बिजागऱ्या, मग पॅकिंग आणि डिस्पॅच. पूर्वी हिशोब एका सॉफ्टवेअरमध्ये, स्टॉक एक्सेलमध्ये, फ्लोअरवरचं काम फळ्यावर आणि कोटिंगला गेलेला माल चलनाच्या पुस्तकात. प्रत्येक नोंद आपापल्या जागी बरोबर असायची, फक्त या चौघांची गाठ महिनाअखेरीलाच पडायची. तोवर पार्टीला तारीख देऊन झालेली असायची.

म्हणून ईआरपीनेक्स्ट घेतलं, म्हणजे खरेदी, स्टॉक, फ्लोअरचं काम आणि हिशोब एकाच ठिकाणी ठेवणारी सिस्टिम. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीचं हे सॉफ्टवेअर. रुषभ मेहता यांनी २००८ साली ही कंपनी सुरू केली. सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे परवान्याचे पैसे लागत नाहीत. खर्च येतो तो सर्व्हरचा आणि बसवून देणाऱ्याचा. कंपनीच्या स्वतःच्या क्लाउडवर ठेवलं तरी भाडं साइटवर, म्हणजे कंपनीच्या एका पूर्ण सिस्टिमवर ठरतं, माणसांच्या संख्येवर नाही. आमच्यासारख्यांना ही फार मोठी गोष्ट आहे. दर लॉगिनला पैसे मोजायचे म्हटले की मालक एकच लॉगिन घेतो, ते ऑफिसात राहतं आणि स्टोअरवाला पुन्हा कागदावर लिहितो. इथे स्टोअर, फ्लोअर, डिस्पॅच, सगळ्यांना आपापलं लॉगिन देता आलं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो जॉबवर्कमध्ये, म्हणजे बाहेरून करून घेतलेल्या कामात. शंभर डबे कोटिंगला गेले, त्यातले साठ आज आले, तीस परवा, पाचांची शेड चुकली म्हणून परत पाठवले आणि पाचांचा पत्ता नाही. रंगांच्या आरएएल या क्रमांक-यादीतली ७०३२ मागितली आणि ७०३५ आली, असं होतं. दोन्ही राखाडीच, ट्यूबलाइटखाली पटकन लक्षात येत नाही. आता कोटिंगवाल्याच्या नावाचं एक गोदाम सिस्टिममध्ये आहे. माल गेला की आपल्या गोदामातून त्याच्या गोदामात जातो, पण स्टॉक आपलाच राहतो. परत येताना चांगले किती आणि रिजेक्ट किती हे वेगवेगळं टाकता येतं, रिजेक्ट माल वेगळ्या गोदामात पडतो आणि कोटिंगची मजुरी डब्याच्या किमतीत आपोआप मिसळते. कोणाकडे आपले किती डबे अडकलेत, हे फोन न करता दिसतं. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा, नाहीतर पाठवला त्या दिवशीच तो विकला असं धरलं जातं. चलनांच्या पुस्तकातून अशी जुनी चलनं शोधून काढणं किती जिकिरीचं असतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. कोटिंगआधीचा डबा आणि कोटिंग झालेला डबा, असे दोन आयटम करावेच लागतात. भाऊजींना आधी हे पटत नव्हतं, डबा तर तोच आहे म्हणाले. पण आयटम एकच ठेवला तर रंगवलेले किती आणि न रंगवलेले किती हे कधीच कळणार नाही, आणि पार्टीला देता येतात ते रंगवलेलेच.

पत्र्याचं गणित हे आमच्या धंद्याचं जुनं दुखणं. खरेदी किलोत, स्टोअरची मोजणी नगात, कटिंगवाला विचार करतो शीटच्या लेआउटचा. १.६ मिलिमीटरचा २५०० बाय १२५० चा सीआरसीए (कोल्ड रोल्ड स्टीलचा) पत्रा वजनाने साधारण ३९.२५ किलो भरतो. हा हिशोब आयटममध्ये एकदा भरून ठेवला की स्टोअरवाल्याने नग टाकायचे, माझ्याकडे किलो दिसतात. डब्याच्या बीओएममध्ये, म्हणजे त्याला लागणाऱ्या मालाच्या यादीत, पत्रा किती लागतो आणि भंगार किती निघतं, दोन्ही लिहिता येतं. पूर्वी भंगार विकून आलेले पैसे म्हणजे वरकमाई वाटायची. आता ते कुठल्या डब्यातून आणि कुठल्या पत्र्यातून निघालं हे दिसतं, आणि ज्या डब्यात भंगार जास्त निघतं त्याचं लेआउट भाऊजी पुन्हा बसवतात. पावसाळ्याच्या तोंडावर मी स्टॉक एजिंगचा, म्हणजे कुठला माल किती दिवस पडून आहे याचा रिपोर्ट काढते. ठाण्याच्या पावसात उघड्या पत्र्याला गंज चढायला वेळ लागत नाही, म्हणून जुना पत्रा मे महिन्यातच कामाला लावायचा.

आता हिशोब. गेटवर माल उतरला आणि स्टोअरने पावती सबमिट केली की खात्यात दोन नोंदी आपोआप पडतात: स्टॉक वाढतो आणि 'माल आला, बिल आलेलं नाही' अशा अर्थाच्या खात्यात तेवढीच रक्कम बसते. बिल आलं की ते खातं रिकामं होतं. या एका खात्यावर माझं फार प्रेम आहे. महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीचं किती क्रेडिट मिळणार याचं पत्रक, तयार होतं, त्याच्या आधी हे खातं उघडलं की कोणाची बिलं यायची राहिलीत ती यादी समोर असते, आणि क्रेडिट बुडायच्या आत त्या पार्टीच्या मागे लागता येतं.

गेटवरच्या तारखेचा आणखी एक धागा आहे. आमचे कोटिंगवाले, पॅकिंगवाले बहुतेक सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेले. आयकराच्या नियमामुळे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) अशांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर वर्षअखेरीला थकलेला खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत उत्पन्नातून वजा मिळत नाही. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजायचे. म्हणजे स्टोअरवाला गेटवर जी तारीख टाकतो, त्यावर माझं पेमेंटचं वेळापत्रक उभं आहे. हे मी आमच्या स्टोअरच्या काकांना बसून समजावलं. तेव्हापासून टेम्पो उभा असतानाच ते नोंद करतात. नोंद कशासाठी लागते हे कळल्यावर माणूस ती मनापासून करतो, हे मी आमच्या स्टोअरमध्ये रोज बघते.

ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतंच. त्यासाठी इंडिया कम्प्लायन्स नावाचं वेगळं ॲप जोडायचं, मग ई-इन्व्हॉइस आणि मालवाहतुकीसाठी लागणारं ई-वे बिल त्याच बिलावरून निघतं.

कोणाला काय दिसावं हे ठरवता येतं, तेही बारकाईने. स्टोअरला नग दिसतात, भाव दिसत नाही. डिस्पॅचला पार्टीचा पत्ता दिसतो, उधारी दिसत नाही. पण पार्टीने उधारीची ठरलेली मर्यादा ओलांडली असेल तर माल बाहेर काढायची नोंद अडते. यावरून आमच्या घरात थोडी गरमागरमी झाली, कारण जुन्या पार्टीचा माल अडवणं भाऊजींना बरं वाटत नाही. शेवटी मर्यादा उघडायचा अधिकार दोघांकडेही ठेवला. उघडली की कोणी उघडली याची नोंद राहते, एवढं पुरतं.

आता हे कोणासाठी नाही, तेही सांगते. तुमचे अकाउंटंट फक्त शनिवारी येऊन आठवड्याची बिलं चढवत असतील तर घेऊ नका. इथे स्टॉक नसेल तर डिस्पॅचची नोंद सबमिटच होत नाही. त्यासाठी 'निगेटिव्ह स्टॉक चालेल' अशी एक सेटिंग आहे आणि गडबडीत ती चालू करायचा मोह होतो. करू नका, ती चालू केली की स्टोअर आणि हिशोब पुन्हा आपापल्या वाटेने जातात. सबमिट झालेली नोंद खोडूनही बदलता येत नाही, रद्द करून नवी करावी लागते, आणि तिच्यावर पुढच्या नोंदी झाल्या असतील तर त्याही रद्द कराव्या लागतात. पहिले काही महिने यावर कुरकुर होणार हे धरूनच चला. मला ही शिस्त आवडते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानाला मात्र एवढं सगळं लागत नाही.

बसवून देणारा नीट निवडा. आमच्याकडे आलेल्या एकाने पहिल्याच भेटीत पगारापासून सीआरएमपर्यंत (ग्राहकांच्या नोंदींपर्यंत) सगळं एकदम सुरू करायचा प्रस्ताव ठेवला होता. आम्ही दुसऱ्याला घेतलं, जो आधी फ्लोअरवर जाऊन वेल्डरशी बोलला. आम्ही आधी स्टॉक आणि खरेदी सुरू केली, मग जॉबवर्क, मग विक्री आणि हिशोब, शेवटी जॉब कार्ड, म्हणजे फ्लोअरवरच्या प्रत्येक टप्प्याच्या कामाची नोंद. पगार आणि हजेरीसाठी फ्रॅपे एचआर हे वेगळं ॲप आहे, ते आम्ही अजून घेतलेलं नाही.

सुरुवात १ एप्रिलला करा, म्हणजे सुरुवातीच्या शिलकेचे आकडे सीएंच्या ताळेबंदाशी जुळतात. त्याआधी ३१ मार्चला काम बंद ठेवून मोजणी करा: पत्रे, अर्धवट डबे, कुलपं, सगळं. आणि त्याच दिवशी कोणाला तरी कोटिंगवाल्याकडे पाठवून तिथे पडलेले आपले डबेही मोजून घ्या, फोनवर विचारून आकडा भरू नका.